उजेडाच्या कडेचा अंधार

प्रकाशाचा झोत पसरतो, लेझरचासुद्धा. एक मिलिमीटर रुंदीचा लाल लेझर मैदानाच्या एका टोकाकडून सोडला, तर १०० मीटरवरच्या भिंतीवर त्याचा ठिपका सात-आठ सेंटिमीटरचा झालेला दिसतो. लेझर स्वस्तातला आहे किंवा भिंग नीट बसलेलं नाही, म्हणून हे होत नाही. जगातला सर्वांत निर्दोष लेझर आणला तरी ठिपका पसरणारच. प्रकाश ही लहर आहे, आणि लहरीला जितक्या अरुंद जागेत कोंबावं तितकी ती पुढे जाऊन जास्त फाकते. बारावीच्या पुस्तकात याला विवर्तन म्हणतात. फटीतून जाणारा प्रकाश, पडद्यावरचे पट्टे, पाच मार्कांचं गणित, आणि विषय संपतो.

आता हाच हिशेब लहान करून पाहू. झोत १० मायक्रॉन रुंद, म्हणजे माणसाच्या केसाहून कितीतरी बारीक. तो एक सेंटिमीटर लांबीच्या पारदर्शक स्फटिकात सोडला, तर दुसऱ्या बाजूने बाहेर पडताना त्याची रुंदी साधारण १०० मायक्रॉन झालेली असते. एका सेंटिमीटरात दहापट.

मला ज्या झोताबद्दल लिहायचं आहे तो १० मायक्रॉनचा आत जातो आणि १० मायक्रॉनचाच बाहेर येतो. स्फटिकात काचेचा तंतू बसवलेला नसतो, खाच कोरलेली नसते. झोत जिथून जातो तिथला पदार्थ थोडासा बदलतो, आणि तो बदल झोताला पसरू देत नाही. झोत सरकवून दुसरीकडून सोडला, की थोड्या वेळाने तिथेही वाट तयार होते. भौतिकशास्त्रात याला अवकाशीय सॉलिटॉन म्हणतात. एका प्रयोगशाळेत मी यावर काही वर्षं काम केलं. आता महाविद्यालयात प्रकाशशास्त्र शिकवते. अभ्यासक्रमात हा विषय नाही, तरी विवर्तनाचा धडा संपवताना मी तो दरवर्षी सांगते. पसरणं हा प्रकाशाचा स्वभाव आहे, हे शिकवल्यावर त्या स्वभावाला तोलून धरणारी गोष्टही मुलांना कळायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

ही कल्पना जुनी आहे. लेझर येऊन चारच वर्षं झाली होती तेव्हा, १९६४ साली, एमआयटीत रेमंड चाओ, एल्सा गारमायर आणि चार्ल्स टाउन्स यांनी दाखवून दिलं, की झोत पुरेसा प्रखर असेल तर तो पदार्थाचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश त्या पदार्थात किती मंदावतो त्याचं माप, स्वतःच वाढवेल. मधोमध प्रखरता जास्त, म्हणून अपवर्तनांकही तिथेच जास्त. मग पदार्थ स्वतःच भिंगासारखा वागतो आणि झोताला आत ओढतो. विवर्तनाचं बाहेर ढकलणं आणि हे आत ओढणं जिथे सारखं होतं तिथे झोत आपली रुंदी धरून ठेवतो. त्याच वर्षी टाउन्सना लेझरच्या मूलभूत कामासाठी नोबेल मिळालं.

कागदावर सुंदर दिसणाऱ्या या कल्पनेत दोन अडचणी होत्या. काचेसारख्या पदार्थात हा परिणाम इतका दुबळा असतो, की लागणारी शक्ती मेगावॅटच्या घरात जाते. आणि दुसरी अडचण त्याहून अवघड. दोन्ही आडव्या दिशांना मोकळा असलेला झोत या समतोलात टिकतच नाही. शक्ती जरा कमी पडली तर तो पसरतो, जरा जास्त झाली तर स्वतःच्याच ओढीने आत कोसळत जातो. १९६५ साली पॉल केली यांनी हे कोसळणं गणिताने मांडलं. काचेत ते घडलं, की मागे धाग्यासारखी जखम उरते.

आता अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेकडे वळू. १९६६ साली तिथले संशोधक लिथियम नायोबेट आणि लिथियम टँटलेट या स्फटिकांमधून लेझर पाठवत होते. थोड्या वेळाने झोत विस्कटायचा, फाटल्यासारखा व्हायचा. स्फटिकाचा अपवर्तनांक प्रकाश पडलेल्या जागी बदलत होता. त्यांना हवं होतं नेमकं उलट, प्रकाश पडला तरी न बदलणारा स्फटिक. म्हणून त्यांनी या प्रकाराला प्रकाशाने झालेली इजा ठरवलं. पण ही इजा विचित्र होती. स्फटिक तापवला की ती पुसली जायची. त्या शोधनिबंधाचे पहिले लेखक होते आर्थर अॅश्किन, ज्यांना पुढे प्रकाशीय चिमट्यांसाठी, म्हणजे लेझरने सूक्ष्म कण पकडण्याच्या युक्तीसाठी, २०१८ साली, वयाच्या ९६व्या वर्षी नोबेल मिळालं.

याच अॅश्किन यांनी जॉन ब्योर्कहोम यांच्यासह १९७४ साली सोडियमच्या वाफेत स्वतःला धरून ठेवणारा झोत प्रत्यक्ष पाहिला. म्हणजे स्फटिकातली ती इजा आणि वाफेतला तो झोत, दोन्ही एकाच माणसाच्या हाताखालून गेले होते. तरी ते एकमेकांना भेटायला १९९२ उजाडावं लागलं. त्या वर्षी मोर्देखाय सेगेव्ह, ब्रुनो क्रोसिन्यानी, अम्नोन यारिव्ह आणि बारूख फिशर यांनी मांडलं, की ज्या बदलाला इजा म्हटलं गेलं, त्याच बदलाच्या जोरावर स्फटिकात झोत बांधून ठेवता येईल. विज्ञानाच्या इतिहासातली अशी मोकळी राहिलेली टोकं मला फार खुणावतात. सगळी माहिती छापलेली असते, ग्रंथालयात असते, आणि तरी मधली पंचवीस वर्षं जातात.

पुढच्याच वर्षी, १९९३ साली, आर्कान्सा विद्यापीठात ग्रेगरी सलामो यांच्या गटाने तो झोत दाखवला. त्या शोधनिबंधावर नऊ नावं आहेत, आणि शेवटचं आहे रत्नाकर नेऊरगावकर. आडनाव वाचून मराठी वाचकाची नजर तिथे थांबते, माझीही थांबली होती. नेऊरगावकर कॅलिफोर्नियातल्या रॉकवेलच्या विज्ञान केंद्रात स्फटिक वाढवत असत. स्ट्रॉन्शियम, बेरियम आणि नायोबियम यांचा ऑक्साइड, ज्याला प्रयोगशाळेत सगळे नुसतं 'एसबीएन' म्हणतात, तो या क्षेत्राचा मुख्य स्फटिक. साधारण १५०० अंश सेल्सिअसला वितळलेल्या रसाला बीजस्फटिक टेकवायचा आणि तो फिरवत फिरवत, अगदी संथपणे वर खेचायचा. मध्ये तापमान जरा हललं की आत पट्टे पडतात, आणि पट्टे पडलेला स्फटिक झोतासाठी निरुपयोगी. सिद्धांत मांडणाऱ्यांची नावं सगळ्यांना पाठ असतात. ज्याच्या भट्टीतून स्वच्छ स्फटिक निघाला नसता तर त्या सिद्धांताला कुणी हात लावू शकलं नसतं, त्याचं नाव यादीत शेवटी येतं. तिथेही ते आहे याचा मला आनंद वाटतो.

आत काय घडतं ते आता सावकाश सांगते, कारण मला या विषयाची ओढ लागली ती इथेच.

स्फटिकात जाणूनबुजून थोडी भेसळ केलेली असते, सिरियमसारख्या एखाद्या मूलद्रव्याची. या भेसळीच्या अणूंवर प्रकाश पडला की त्यांच्यातून इलेक्ट्रॉन सुटतात. स्फटिकाच्या दोन बाजूंना इलेक्ट्रोड लावून सेंटिमीटरमागे काही हजार व्होल्ट दिलेले असतात. त्या विद्युतक्षेत्रात सुटलेले इलेक्ट्रॉन धन बाजूकडे सरकतात. खळ्यावर उफणणी करताना सुपातून भूस सुटतं, वाऱ्याच्या दिशेने जातं आणि वारा पडतो तिथे बसतं, तसं काहीसं हे आहे. फक्त इथे बसण्याची जागा ठरते ती अंधाराने. उजेडात सापडलेला इलेक्ट्रॉन कुठे अडकला तरी पुन्हा सुटतो, पुन्हा सरकतो. उजेडाची हद्द ओलांडून तो अंधारात गेला, की तिथल्या रिकाम्या अणूत अडकून बसतो, कारण त्याला पुन्हा सोडवायला तिथे प्रकाश नसतो.

असं होत होत झोताच्या एका कडेला ऋण प्रभार साठतो आणि दुसऱ्या कडेला धन उरतो. हे दोन प्रभार मिळून झोताच्या आत एक उलटं क्षेत्र तयार करतात. बाहेरून दिलेलं क्षेत्र आत जवळजवळ झाकलं जातं, बाहेर अंधारात मात्र ते पूर्ण जोरात असतं. एसबीएनमध्ये व्होल्टेजची दिशा योग्य निवडली, तर विद्युतक्षेत्र अपवर्तनांक कमी करतं. म्हणजे अंधारात अपवर्तनांक कमी झालेला असतो, आणि उजेडात, क्षेत्र झाकलं गेल्यामुळे, तो आपल्या मूळ जागी परत आलेला असतो. मध्ये जास्त, कडेला कमी. ऑप्टिकल फायबर याच रचनेवर चालतो.

हे मला पहिल्यांदा नीट कळलं तेव्हा मी बराच वेळ वहीत तीच आकृती पुन्हा पुन्हा काढत बसले होते. तोवर माझ्या मनात चित्र असं होतं, की झोत स्वतःच्या जोरावर स्वतःला बांधतो, त्याच्या मध्यात काहीतरी जोरकस घडतं. इथे मध्यात जे घडतं ते केवळ पूर्ववत होणं आहे. झोताला धरून ठेवणारा बदल झालेला असतो बाहेर, जिथे तो पडतच नाही तिथे. हा झोत ज्यामुळे एकत्र राहतो, ते त्याच्या कडेच्या अंधारात आहे.

आणि हा बदल केवढासा? अपवर्तनांक आहे साधारण २.३. त्यात फरक पडतो दशांश चिन्हानंतर चौथ्या स्थळी. तेवढ्यावर दहापट पसरणारा झोत जागच्या जागी राहतो. शक्ती लागते काही मायक्रोवॅट, म्हणजे व्याख्यानात वापरतात त्या लेझर पॉइंटरच्या हजाराव्या हिश्श्याइतकी. काचेत मेगावॅट लागत होते तिथे इथे मायक्रोवॅटवर भागतं, कारण जोर प्रकाशाचा लावावा लागत नाही. जोर विद्युतक्षेत्राचा असतो, प्रकाश फक्त तो कुठे राहील आणि कुठे झाकला जाईल एवढं ठरवतो. शिवाय क्षेत्र एकदा पूर्ण झाकलं गेलं की त्यापुढे झाकायला काही उरत नाही. परिणामाला वरची मर्यादा आहे, म्हणून काचेतल्या झोतासारखा हा आत कोसळत नाही.

पण १९९३ चा पहिला झोत टिकला नव्हता. व्होल्टेज दिल्यावर थोडा काळ तो बांधलेला राहायचा आणि मग सुटायचा. कारण शोधताना जे लक्षात आलं ते मला या सगळ्या कथेतलं सर्वांत मोलाचं वाटतं. झोताची कड ही काही रेघेने आखलेली कड नसते. मध्यापासून बाहेर जाताना प्रकाश विरळ होत जातो, पण त्याची अंधूक झालर दूरवर पोहोचते. खोली पूर्ण काळोखी असेल तर या झालरीतला उजेडही स्फटिकाला उजेडच वाटतो. वेळ मिळाला की तिथलेही इलेक्ट्रॉन सुटतात, तिथलंही क्षेत्र झाकलं जातं. हळूहळू झोताभोवतीच्या सगळ्या भागात क्षेत्र झाकलं जातं, मध्य आणि कड यांतला फरक पुसला जातो आणि वाट बुजते.

उपाय सापडला तो असा, की स्फटिकावर सगळीकडे सारखा, मंद, दुसरा प्रकाश टाकायचा. १९९४ साली सेगेव्ह, व्हॅली, क्रोसिन्यानी, दी पोर्तो आणि यारिव्ह यांनी स्थिर टिकणाऱ्या झोताचा सिद्धांत मांडला, आणि त्यात या पार्श्वप्रकाशाला मुख्य जागा आहे. पार्श्वप्रकाश असला की झालरीचा उजेड त्याच्यापुढे नगण्य ठरतो. जिथे झोत पार्श्वप्रकाशापेक्षा उजळ आहे तिथेच क्षेत्र झाकलं जातं, बाकीकडे ते शाबूत राहतं. वाटेला कड मिळते ती अशी. पार्श्वप्रकाश फार कमी असेल तर बांधलेला झोत रुंद होतो, फार जास्त असेल तरी रुंद होतो. त्याच्या साधारण तिप्पट उजळ झोत असेल, तेव्हा सर्वांत अरुंद बांधणी मिळते. प्रयोगात हा पार्श्वप्रकाश त्याच लेझरमधून काढतात, ध्रुवीकरण, म्हणजे लहरीच्या कंपनाची दिशा, काटकोनात फिरवून, भिंगाने फाकवून. म्हणजे तो स्फटिकावर सर्वत्र पडतो, पण स्वतः बांधला जात नाही.

लोकप्रिय लेखांमध्ये या झोताचं वर्णन स्वयंपूर्ण म्हणून होतं. स्वतःच स्वतःची वाट काढणारा, कुणाचीही मदत न घेणारा. ते वाचून मला दर वेळी चुकल्यासारखं वाटतं. बाहेरचं क्षेत्र काढून घ्या, वाट जाते. पार्श्वप्रकाश बंद करा, वाट जाते. भेसळ नसेल तर वाट सुरूच होत नाही. इतक्या गोष्टी आधीपासून जागेवर असतात तेव्हा झोताचं जाणं वाट होतं. यात झोताचं कर्तृत्व कमी होतं असं मला वाटत नाही. त्याची दिशा, त्याची जागा, त्याचा आकार त्याचाच असतो.

प्रत्यक्षात हे दिसतं कसं, तेही सांगायला हवं. स्फटिकाच्या मागच्या पृष्ठभागाची प्रतिमा भिंगाने कॅमेऱ्यावर घेतात आणि ती संगणकाच्या पडद्यावर येते. खोलीतले दिवे बंद. आधी पडद्यावर एक मोठा, फिकट, पसरट डाग असतो. व्होल्टेज वाढवायचं आणि वाट पाहायची. लगेच काही होत नाही. मायक्रोवॅटमध्ये प्रकाश असल्यामुळे इलेक्ट्रॉन थोडे थोडे सुटतात, काही सेकंद ते काही मिनिटं जातात. मग डाग एका कडेने आत येऊ लागतो. कधी दोन तुकडे होतात आणि पुन्हा एक होतात. थोडा बाजूला सरकतोही, कारण इलेक्ट्रॉन क्षेत्राने वाहतात तसे ते स्वतःहूनही पसरतात, आणि त्यामुळे झोत किंचित वळतो. आणि मग डागाच्या जागी एक बारीक, तेजस्वी ठिपका उरतो. त्याच वेळी वरून पाहिलं तर स्फटिकात विखुरलेल्या अंधूक प्रकाशात, मघाशी जिथे कर्ण्यासारखा फाकलेला झोत होता, तिथे आता सरळ रेघ दिसते. टेबलावर कुणी हात टेकला, दार आपटलं, तर सगळं बिघडायचं. आमचे सर त्या वेळी खोलीत कुणाला बोलूही देत नसत, आणि आम्हालाही बोलावंसं वाटत नसे.

या संथपणाकडे आधी मी दोष म्हणून पाहत होते. संपर्कतंत्रज्ञानाला लागणारा वेग यातून मिळणार नाही हे खरंच आहे. पण १९९६ आणि १९९७ साली प्रिन्स्टनला मॅथ्यू मिचेल आणि सेगेव्ह यांच्या प्रयोगांत या संथपणाचंच काम पुढे आलं. लेझरचा प्रकाश शिस्तीचा असतो, त्याच्या लहरी एका तालात असतात. साध्या दिव्याच्या प्रकाशात तसा ताल नसतो. त्यातले उजळ-अंधूक ठिपके क्षणाच्या अतिसूक्ष्म भागात आकार बदलत असतात. झटपट प्रतिसाद देणाऱ्या पदार्थात प्रत्येक ठिपका आपापली वाट काढायला जाईल आणि झोताच्या चिंधड्या होतील. संथ स्फटिकाला हे ठिपके दिसतच नाहीत. त्याला दिसते ती सरासरी, आणि सरासरी गुळगुळीत असते. म्हणून त्यांनी आधी लेझरचा ताल मोडून, तो प्रकाश बांधून दाखवला, आणि पुढच्या वर्षी सरळ तारेच्या दिव्याचा पांढरा प्रकाश. तापलेल्या तारेतून निघणारा, सगळे रंग आणि सगळ्या दिशा असलेला प्रकाश एका बारीक झोतात बांधला गेला. तोवर सॉलिटॉन म्हणजे काटेकोर ताल असलेल्या लहरीचीच गोष्ट, असा समज होता. संथ पदार्थाने तो समज मोडला.

एकदा वाट झाली की तिच्यातून दुसराही प्रकाश जाऊ शकतो. निळ्या किंवा हिरव्या झोताने केलेल्या वाटेतून लाल झोत पाठवता येतो. लाल प्रकाश इलेक्ट्रॉन फारसे सोडवत नाही, म्हणून तो वाट न बदलता तिच्यातून निघून जातो. दोन झोत जवळून गेले तर एकमेकांना ओढतात, कधी एक होतात. १९९७ साली मिंग-फेंग शी, सेगेव्ह आणि सलामो यांनी दोन झोत एकमेकांभोवती पीळ घालत पुढे जाताना दाखवले. ती चित्रं मी मुलांना दाखवते आणि विचारते, की यात ओढ कशाची आहे? प्रकाशकणांमध्ये आकर्षण नाही. दोन्ही झोतांनी मिळून मधल्या जागेतलं क्षेत्र थोडं जास्त झाकलेलं असतं, तिथे अपवर्तनांक वाढलेला असतो, आणि दोघंही तिकडे कलतात. एखादी मुलगी हे उत्तर स्वतःहून देते, तेव्हा तो तास सार्थकी लागतो.

या झोतांमधून कुठलं मोठं उपकरण बाजारात आलेलं नाही. त्याची खंत काही जणांना वाटते, मला वाटत नाही. या स्फटिकांनी दुसरंच काम केलं. लहरींबद्दलचे जे प्रश्न इतरत्र नुसते कागदावर होते, ते डोळ्यांना दिसतील असं एक टेबल त्यांनी मिळवून दिलं. अनेक झोत एकमेकांवर पाडून, त्यांच्या व्यतिकरणाने स्फटिकात जाळी उमटवायची आणि तिच्यातून दुसरा झोत सोडून पाहायचा, ही पद्धत २००३ पर्यंत रुळली. फिलिप अँडरसन यांनी १९५८ साली म्हटलं होतं, की पदार्थाची रचना पुरेशी विस्कळीत असेल तर लहर त्यात पसरत न जाता एका जागी अडकून राहील. त्यांनी ते इलेक्ट्रॉनांसाठी म्हटलं होतं, आणि इलेक्ट्रॉन एकमेकांना ढकलत असल्यामुळे ते स्वच्छपणे दाखवणं फार कठीण. २००७ साली हैफाच्या टेक्निऑनमध्ये ताल श्वार्ट्झ, गाय बार्ताल, श्मुएल फिशमन आणि सेगेव्ह यांनी एसबीएनमध्ये प्रकाशाची जाळी उमटवली, ती मुद्दाम विस्कटली, आणि तिच्यातून बारीक झोत सोडला. अशा अनेक वेगवेगळ्या विस्कटलेल्या जाळ्यांवर सरासरी काढली. विस्कळीतपणा वाढवत नेला तसा झोत पसरायचा थांबला. इथे त्याने स्वतःची वाट काढलेली नव्हती. असंख्य ठिकाणांहून परतलेल्या लहरी एकमेकींना छेदून त्याला जागेवर ठेवत होत्या. मग त्यांनी याच विस्कळीत जाळीत झोताला स्वतःचा बदल घडवण्याची थोडी मुभा दिली, आणि तो आणखी अरुंद झाला.

हा शेवटचा आलेख मी वर्गात फळ्यावर काढते. आडव्या अक्षावर विस्कळीतपणा, उभ्या अक्षावर झोताची रुंदी, आणि दोन वक्र, एक साधा आणि एक त्याच्या खाली. खालचा वक्र खाली का आहे, हा प्रश्न मी मुलांना घरी न्यायला देते.